‘बरं साहेब’ म्हणजे होकार नव्हे

फेब्रुवारी महिना आला की आम्हा संशोधक मंडळींना शाळा-महाविद्यालयांची बोलावणी येऊ लागतात. १९२८ साली २८ फेब्रुवारीला रामन परिणामाचा शोध लागला आणि १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून साजरा होतो. २०१८ च्या विज्ञान दिनाला आम्ही जालना जिल्ह्यातील वडीगोद्री येथे एका शाळेत गेलो होतो. वडीगोद्री हे अंबड तालुक्यातील, धुळे-सोलापूर महामार्गावरचे गाव. खाली शहागडला गोदावरी, सभोवार काळी जमीन आणि त्या जमिनीत प्रामुख्याने कपाशी. विषय आम्हीच निवडला होता : ‘जनुके आणि शेती’. मागच्याच हंगामात, म्हणजे २०१७ साली, गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातील कपाशीचे मोठे नुकसान केले होते. तेव्हा विषय समयोचित होता, असे आम्हाला वाटले.

चाळीस मिनिटे आम्ही बोललो. डीएनएची शिडी दाखवली, बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूचे जनुक कपाशीत कसे घातले ते सांगितले, पडद्यावर रंगीत चित्रे सरकवली. शेवटी रिवाजाप्रमाणे विचारले, “कुणाला काही शंका?” मुले गप्प बसली. तेवढ्यात दारापाशी उभ्या असलेल्या पालकांपैकी एक वयस्क शेतकरी म्हणाले, “साहेब, सरकीच्या बॅगेत ती दुसरी बारकी पुडी येती, ती कशासाठी?”

आम्ही उत्तर दिले : ती बिगर-बीटी बियाण्याची पुडी. बीटी कपाशीच्या कडेने तिच्या ओळी लावाव्यात, असा नियम आहे. ते म्हणाले, “म्हंजे किडीला खायला आपणच रान द्यायचं? अन् बांधाला तूर हायेच की.” आम्ही पुन्हा सांगितले की हे शास्त्रीय दृष्ट्या आवश्यक आहे, नियम पाळला नाही म्हणूनच अळी माजली. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले आणि म्हणाले, “बरं साहेब.”

टाळ्या झाल्या, आभार मानले गेले, चहा झाला. परतताना गाडीत आम्ही खूश होतो. प्रश्न विचारला गेला, उत्तर दिले गेले, संवाद झाला! हा लेख त्या खुशीचे परीक्षण करण्यासाठी लिहिला आहे.

एका पुडीत किती प्रश्न?

आधी ती पुडी समजून घेऊ. भारतात बीटी कपाशीला २००२ साली मार्च महिन्यात परवानगी मिळाली. ते पहिले संकरित वाण जालन्याच्या महिको कंपनीचे होते. म्हणजे वडीगोद्रीच्या दृष्टीने ही कथा परदेशातली नव्हे, जिल्ह्यातलीच. बियाण्याच्या प्रत्येक बॅगेत ४५० ग्रॅम बीटी सरकी आणि सोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकी असे. शेताच्या कडेने पाच ओळी किंवा एकूण क्षेत्राच्या २० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेवढ्या क्षेत्रात ती लावायची. या पट्ट्याला ‘आश्रय ओळी’ म्हणतात. बहुसंख्य शेतकऱ्यांनी ही पुडी लावली नाही. बांधावर टाकून दिली.

आश्रय ओळींमागचे तर्कशास्त्र मेंडेलचे आहे. अळ्यांच्या लाखोंच्या संख्येत एखादी अशी निघते की जिच्यावर बीटी विषाचा परिणाम होत नाही. हा प्रतिकाराचा गुण अप्रभावी असेल, तर तो आई व बाप या दोघांकडून यावा लागतो. बीटी कपाशीत वाचलेला असा एखादा पतंग आश्रय ओळींत वाढलेल्या असंख्य साध्या पतंगांपैकी एकाशी जुळला, तर त्यांची पिल्ले बीटी बोंड खाऊन मरतात. आश्रय ओळी नसतील, तर वाचलेले पतंग वाचलेल्यांशीच जुळतात आणि पुढची सारी पिढी विषाला दाद देत नाही.

आता त्या शेतकऱ्याच्या दोन वाक्यांकडे पुन्हा पाहू. “बांधाला तूर हायेच की” हे अज्ञान नव्हते. हिरवी, म्हणजे अमेरिकन बोंडअळी कपाशीखेरीज तूर, हरभरा, टोमॅटो अशा अनेक पिकांवर जगते. तिच्यापुरती बांधावरची तूर खरोखरच आश्रय ओळीचे काम करते. पण गुलाबी बोंडअळी आपल्याकडे जवळजवळ केवळ कपाशीवर जगते; तिच्यासाठी तूर उपयोगाची नाही. म्हणजे शेतकऱ्याचे म्हणणे एका किडीबाबत बरोबर आणि दुसरीबाबत चूक होते. हा फरक सांगितला असता तर अख्खा वर्ग कान देऊन ऐकत राहिला असता. आम्ही तो सांगितला नाही, कारण त्यांच्या बोलण्यात विज्ञान असेल, ही शक्यताच आम्ही धरली नव्हती. आम्ही प्रश्नाला ‘शंका’ म्हटले आणि तिचे ‘निरसन’ केले.

दुसरे वाक्य, “आपणच रान द्यायचं?”, हे तर आणखी खोल आहे. एकरातला पाचवा हिस्सा किडीसाठी सोडणारा शेतकरी नुकसान एकटा सोसतो. तेथे वाढलेले साधे पतंग मात्र उडत शेजाऱ्याच्या शेतात जातात आणि फायदा साऱ्या शिवाराचा होतो. शेजाऱ्याने पुडी फेकली तर माझी मेहनत वाया. हा प्रश्न कीटकशास्त्राचा आहे, अर्थशास्त्राचा आहे आणि गावकीचाही आहे. त्याला ‘नियम आहे’ हे उत्तर होऊ शकत नाही.

रिकाम्या घागरीची कल्पना

आमची चूक ही केवळ एका व्याख्यात्याची चूक असती, तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते. विज्ञान-प्रसाराच्या मोठ्या भागामागे एक गृहीत दडलेले असते : लोक म्हणजे रिकामी घागर आणि वैज्ञानिक म्हणजे नळ. घागर भरली की लोक विज्ञानावर विश्वास ठेवू लागतील. इंग्लंडमध्ये रॉयल सोसायटीने १९८५ साली जनतेच्या विज्ञानविषयक समजुतीवर एक अहवाल काढला, त्याचाही भर लोकांना अधिक विज्ञान समजावे यावरच होता. पण त्यानंतर इंग्लंडमध्येच या कल्पनेला धक्के बसले.

१९८६ च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. किरणोत्सारी सीझियम वाऱ्याबरोबर इंग्लंडच्या कम्ब्रिया भागातील डोंगरांवर पावसातून पडले. जूनमध्ये तेथील मेंढ्यांच्या विक्रीवर तीन आठवड्यांची बंदी आली. तेवढ्या अवधीत सीझियमचे प्रमाण उतरेल, असे वैज्ञानिकांनी सांगितले. ते उतरले नाही. अंदाज चिकणमातीच्या जमिनीवरून बांधलेला होता. चिकणमाती सीझियमला धरून ठेवते. कम्ब्रियाच्या डोंगरावरची जमीन मात्र आम्लधर्मी आणि कुजलेल्या वनस्पतींची. तीत सीझियम मोकळे राहते आणि गवतावाटे पुन्हा मेंढीच्या पोटात जाते. आपली जमीन कशी आहे, मेंढरे कुठे चरतात, हे मेंढपाळांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यांना कोणी विचारले नाही. तीन आठवड्यांसाठी लादलेले निर्बंध पूर्णपणे उठले ते २०१२ साली! ब्रायन विन या अभ्यासकाने या मेंढपाळांशी बोलून जे लिहिले, ते आज विज्ञान-संवादाच्या अभ्यासात पायाभूत मानले जाते. पुढे गायींच्या मेंदूच्या रोगाच्या प्रकरणात सरकारी आश्वासने फोल ठरली आणि २००० साली तेथील वरिष्ठ सभागृहाच्या समितीनेच सांगितले की आता केवळ समजावणे पुरे नाही, लोकांशी दुहेरी संवाद हवा.

कम्ब्रिया आणि वडीगोद्री यांत एक साम्य आहे. दोन्हीकडे प्रयोगशाळेतील तत्त्व चुकीचे नव्हते. ते ज्या जमिनीवर आणि ज्या माणसांच्या व्यवहारात उतरायचे होते, तिची माहिती प्रयोगशाळेकडे परत आली नाही. नळाला परतीची वाटच नव्हती.

सात शहरांतील सुनावण्या

आपल्याकडे दुहेरी संवादाचा मोठा प्रयत्न झालाच नाही, असे नाही. महिकोनेच विकसित केलेल्या बीटी वांग्याला संबंधित सरकारी समितीने २००९ च्या ऑक्टोबरमध्ये हिरवा कंदील दाखवला. तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी निर्णय राखून ठेवला आणि २०१० च्या जानेवारी-फेब्रुवारीत सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातील सुनावणी नागपूरला झाली. सर्व मिळून सुमारे आठ हजार लोक आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी मंत्र्यांनी स्थगिती जाहीर केली. ती आजही उठलेली नाही.

निर्णय योग्य की अयोग्य हा येथे आमचा विषय नाही. पद्धतीचा आहे. एका केंद्रीय मंत्र्याने तासन्‌तास लोकांचे ऐकून घेतले आणि निर्णयाची कारणे लेखी प्रसिद्ध केली, हे मोलाचे होते. परंतु हा संवाद फार उशिरा झाला. बियाणे तयार होते, समितीची मान्यता झाली होती, दोन्ही बाजूंच्या घोषणा ठरल्या होत्या. अशा वेळी सभागृहात ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच दोन शब्द ऐकू येतात. कोणत्या वांग्याला कीड अधिक लागते, तुम्ही किती फवारण्या करता, घरचे बी का ठेवता, हे प्रश्न दहा वर्षे आधी गावात जाऊन विचारायचे होते. शिवाय एका सुनावणीनंतर तोच माणूस तोच प्रश्न घेऊन पुन्हा समोर येत नाही. न्यायालयात हे चालते. संवादाला मात्र पुढची भेट लागते.

ही पुढची भेट आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळते. जालन्याजवळ खरपुडी येथे मराठवाडा शेती साहाय्य मंडळाचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे शेतकरी आणि शास्त्रज्ञ यांचे मासिक चर्चासत्र भरवण्याची जुनी प्रथा आहे. ‘मासिक’ हा त्यातला महत्त्वाचा शब्द. या महिन्यात दिलेला सल्ला फसला, तर पुढच्या महिन्यात विचारणारा शेतकरी समोर बसलेला असतो. जो सल्ला देतो त्याला हिशेबही द्यावा लागतो.

पुन्हा वडीगोद्री

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पुन्हा वडीगोद्रीला गेलो. या वेळी पडदा नेला नाही. शाळेच्या आवारात लिंबाखाली नववीची मुले आणि पंधरा-वीस शेतकरी, काही बायाही, बसल्या होत्या. पहिला अर्धा तास आम्ही फक्त विचारले आणि लिहून घेतले.

बऱ्याच गोष्टी कळल्या. वयस्क मंडळी या अळीला ‘शेंदरी’ म्हणत होती आणि बीटी येण्यापूर्वीच्या काळापासून ओळखत होती. पाकळ्या न उमलता गुलाबाच्या कळीसारखे मिटून राहिलेले फूल, म्हणजे ‘डोमकळी’, दिसले की आत अळी आहे हे त्यांना ठाऊक होते. मुलांना मात्र तो शब्द नवा होता. मधल्या काही वर्षांत अळी दिसेनाशी झाल्याने तो घराघरांतून गेला होता. एक जण म्हणाले, पुडीतले बी लावून पाहिले, पण त्याला फूल वेगळ्याच वेळी आले. हे फार महत्त्वाचे निरीक्षण होते. दोन्हीकडचे पतंग एकाच वेळी बाहेर पडले नाहीत तर त्यांची जोडी जमणार कशी?

मग आम्ही एक खेळ मांडला. बदनापूरचे कृषी संशोधन केंद्र तुरीच्या वाणांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे या भागात पांढरी आणि लाल अशी दोन्ही तूर सहज मिळते. कापडी पिशवीत ९५ पांढरे आणि ५ लाल दाणे टाकले. पांढरा दाणा म्हणजे साधा पतंग, लाल दाणा म्हणजे प्रतिकार करणारा. न पाहता दोन-दोन दाणे काढत पन्नास जोड्या लावायच्या. मुलांनी तीनदा पिशवी रिकामी केली. लाल-लाल जोडी एकदाही आली नाही. (हिशेब केला तर अशी जोडी सरासरीने दहा वेळा पिशवी रिकामी केल्यावर एकदा येते.) मग पिशवीत फक्त लाल दाणे टाकले. प्रत्येक जोडी लाल! पुडी फेकून दिलेल्या शिवारात असेच घडते.

फेब्रुवारीत ‘बरं साहेब’ म्हणणारे काका समोरच होते. त्यांनी पिशवी हातात घेतली, उलटीपालटी केली आणि विचारले, “हे पटलं. पण पिशवीत पांढरी तूर टाकायची कोणी?”

आम्हाला उत्तर देता आले नाही. किती पांढरे दाणे लागतात हे आमचे शास्त्र सांगू शकते. ते कोणाच्या रानातून यावेत, त्याची भरपाई कोणी करावी, गावाने मिळून एक पट्टा राखावा काय, हे ते सांगू शकत नाही. तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, “दोन्ही सरकी एकाच पिशवीत मिसळूनच का देत नाहीत? म्हंजे कोणी फेकायला नको.” त्यांना ठाऊक नव्हते की हाच विचार संशोधन संस्थांत आणि सरकारी पातळीवर चालू होता, पुढे बियाणे मिसळून देण्याची पद्धत आलीही. गुलाबी बोंडअळी बहुधा एकाच बोंडात वाढते, या झाडावरून त्या झाडावर फारशी जात नाही, म्हणून तिच्याबाबत मिश्रण चालू शकते. २००२ ते त्या बैठकीपर्यंत सोळा हंगाम गेले होते. पहिल्याच हंगामात गावोगाव कोणी विचारले असते, तर अशी सूचना तेव्हाच कानावर आली असती.

सारा दोष पुडीवर टाकणे मात्र बरोबर होणार नाही. लांब मुदतीचे संकरित वाण, फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेली फरदड, पऱ्हाट्यांचे बांधावरचे ढीग, या साऱ्यांनी अळीला बारमाही घर दिले. तरीही अमेरिकेतील ॲरिझोनाचे उदाहरण विचार करायला लावते. तेथेही हीच अळी आणि हेच तंत्र. शेतकऱ्यांनी आश्रय पट्टे राखले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम चालवली आणि २०१८ साली अमेरिकेच्या कपाशी पट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास आपण तिच्यापुढे हतबल होतो. तेथील शेते मोठी, येथे एक-दोन एकरांचे तुकडे. म्हणूनच येथे शेतकऱ्याला आधी विचारणे अधिक गरजेचे होते.

संवाद म्हणजे मतदान नव्हे

येथे एक सावधगिरी हवी. लोकांचे ऐकायचे म्हणजे लोक म्हणतील ते खरे मानायचे, असा अर्थ काढू नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपतीच्या मूर्ती दूध पिऊ लागल्याची बातमी पसरली. लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले, तरी द्रवाच्या पृष्ठताणाचा नियम बहुमताने बदलला नाही. तूर गुलाबी अळीला आश्रय देत नाही, हेही हात वर करून ठरत नाही. वैज्ञानिकाने जे पुराव्याने सिद्ध आहे ते ठामपणे सांगितलेच पाहिजे. मात्र ठामपणा पुराव्याचा असावा, खुर्चीचा नसावा. आमच्या पहिल्या उत्तरात तो खुर्चीचा होता.

शिक्षकांसाठी

हे सारे शिक्षकांच्या मासिकात लिहिण्याचे कारण साधे आहे. संशोधक गावात वर्षातून एकदा येतो. शिक्षक रोज असतो. पुढच्या भेटीची हमी फक्त तोच देऊ शकतो. तीन गोष्टी सहज करण्याजोग्या आहेत.

पहिली, प्रश्नवही. पाहुणा येण्याच्या आठ दिवस आधी मुलांनी घरच्यांना विचारून प्रश्न लिहावेत, ते पाहुण्याला आधी पाठवावेत आणि व्याख्यानाची सुरुवात त्यांपासूनच करायला सांगावी. अनुत्तरित प्रश्नांपुढे तारीख घालावी आणि ते जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला पाठवावेत.

दुसरी, मोजणी. शाळेजवळच्या कपाशीत मालकाच्या परवानगीने दोन कामगंध सापळे लावावेत. रोज सकाळी मुलांनी पतंग मोजून फळ्यावर लिहावेत. एका सापळ्यात सलग तीन दिवस आठ किंवा अधिक पतंग आले, तर धोक्याची पातळी गाठली असे समजतात. वीस हिरवी बोंडे फोडून दोनांत अळी निघाली, तरी तोच इशारा. हे आकडे घेऊन मूल घरी गेले की घरात विज्ञानावर बोलणे होते आणि त्यात मुलाकडे स्वतःचा पुरावा असतो.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड. पाहुण्याच्या उत्तरानंतर गावकरी ‘बरं साहेब’ म्हणाला, तर शिक्षकाने उभे राहून विचारावे, “काका, पटलं का? नसेल तर काय पटलं नाही?” पाहुण्याला हे क्षणभर रुचणार नाही. आम्हालाही फेब्रुवारीत रुचले नसते. पण तो प्रश्न त्या दिवशी कोणी विचारला असता, तर ऑगस्टमध्ये कळलेली गोष्ट आम्हाला सहा महिने आधी कळली असती.

आमची प्रश्नवही त्या दिवसापासून चालू आहे. तिच्या पहिल्या पानावर पांढऱ्या तुरीचा प्रश्न आहे आणि त्याच्यापुढची उत्तराची जागा अजून कोरी आहे.